हळदीच्या बॅनरवर निळा नवरदेव

"काकू, नवरा निळा आलाय!"

सकाळच्या वेळी फोनवर कोणी असं ओरडलं तर तुम्ही काय समजाल? आमचे हे शेजारीच पेपर वाचत बसले होते. स्पीकर चालू होता, त्यामुळे त्यांनीही ऐकलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अगं, मग डॉक्टरला फोन करायला सांग की. तुला कशाला करतायत?" मी त्यांना हातानेच गप्प बसवलं. मला बरोबर कळलं होतं. माझ्या धंद्यात नवरे निळे येतात, पुढारी गुलाबी येतात, आणि एकदा तर बारशाच्या पत्रिकेवर बाळ हिरवंगार आलं होतं. बाळाची आजी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "आमच्यात असं कोणी नाही हो, सुनेच्या माहेरचं असेल."

फोन वनिताचा होता. वनिता सारसोळ्याची, म्हणजे सासर सारसोळ्याचं. घरी बसून कॉम्प्युटरवर बॅनर बनवते. नवी मुंबईतल्या वाचकांना बॅनर म्हणजे काय ते सांगायला नको, पण हा अंक लांबलांब जातो म्हणून सांगते. आमच्याकडे गावठाणात कुणाची हळद असली की गल्लीच्या तोंडावर नवऱ्याचा भलामोठा फोटो लागतो. डोळ्यावर गॉगल, गळ्यात साखळी, मागे ढग, आणि खाली तमाम काका-मामांची तोंडं ओळीने. एखादा मामा राहिला तर तो हळदीला येत नाही. इतकं ते नाजूक काम.

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं लागून हळदीचा सीझन नुकताच सुरू झाला होता. ही हळद वनिताच्या सासूच्या सख्ख्या भावाकडची होती, तिथेच दोन गल्ल्या सोडून. नवरा म्हणजे सासूचा लाडका भाचा जयेश. हळद दुसऱ्या दिवशी. बॅनर छापून आला, दारात उलगडला, आणि जयेश त्यात डोक्यापासून गळ्यापर्यंत निळा.

"काकू, मोऱ्याहून मुलीकडचे पाहुणे आज संध्याकाळीच येतायत," वनिता रडकुंडीला आली होती. "त्याच्या आत नवीन बॅनर लागला नाही ना, तर सोमवारपासून मला तळोजाला जावंच लागेल. आईंनी आज सगळ्यांसमोर सांगितलं."

तळोजाचं प्रकरण मला आधीच ठाऊक होतं. वनिताच्या नवऱ्याच्या ओळखीचा एक सुपरवायझर तिथल्या कंपनीत पॅकिंगला बायका लावायचा. त्याने जागा धरून ठेवली होती. वनिताची मुलगी बालवाडीत. ती उठायच्या आत ही घराबाहेर पडणार आणि दिवे लागल्यावर घरी येणार. पण सासूबाईंचं म्हणणं एकच, काम म्हणजे घराबाहेर पडून करतात ते. घरात खुर्चीवर बसून टिकटिक करतात त्याला काम म्हणत नाहीत. त्यात सीझनचे आधीचे एकदोन बॅनरही बिघडले होते. एका वाढदिवसाच्या बॅनरवरचं पोरगं जांभळट आलं, तर गावात सगळे विचारायला लागले, "थंडी बाधली काय त्याला?" आता सासूच्या माहेरचाच नवरा निळा. विषय संपलाच होता.

"मी येते," म्हटलं. "तू कशाला हात लावू नकोस आणि रडू नकोस. कीबोर्डवर पाणी पडलं तर ते काम वेगळं."

आता मला रिक्षा मिळेपर्यंत तुम्हाला माझा धंदा समजावते. आमच्या सोसायटीच्या गेटवर रिक्षा मिळायला वेळ लागतो, तेवढ्यात होईल.

मी मूळची फॉल-पिको करणारी. कॉम्प्युटरचा क्लास नाही, कोर्स नाही, इंग्रजी आपलं दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं. पण रंग मला कळतात. साडी आली की तिला जुळता फॉल शोधायचा, दोरा शोधायचा. त्यात डाळिंबीला कुंकवाचा चालत नाही, मोरपंखीला हिरवा चालत नाही. आणि एक गोष्ट मशीनवर बसल्यापासून शिकले, की दिव्याच्या उजेडात रंग बघायचा नाही. साडी घेऊन दारात जायचं, आभाळाखाली धरायची. ट्यूबलाइटखाली अबोली घेतलेली बाई घरी जाऊन बघते तर ती वांगी-भाताच्या रंगाची निघते, आणि मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडते. उजेड फसवतो हो, दुकानदार बिचारा दोन नंबरला.

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, कॉम्प्युटर घरी राहिला. एक दिवस व्हिडिओ कॉल लावला तर मुलगा राणी कलरचा. भिंतही राणी, त्याचा शर्टही राणी. मी म्हटलं, पोरगा तिकडे जाऊन काय खातोय? दुरुस्तीवाला आला, लांबूनच बघून म्हणाला, "स्क्रीन गेली, नवीन घ्या." तो गेल्यावर मी मुलाला परत कॉल लावला आणि स्क्रीनच्या मागे हात घातला. जाड वायर होती, ती जरा सैल लागली. फॉलची पट्टी दाबतो तशी दाबली, तर मुलगा गव्हाळ झाला! मी टाळीच वाजवली, तसा तो तिकडून ओरडला, "आई, तू काय केलंस?" म्हटलं, "तुला दाबलं."

मग मी ह्या विषयाच्या मागेच लागले. त्याचं असं आहे, की स्क्रीनकडे रंग तीनच. लाल, हिरवा, निळा. तुमची पैठणी, तुमचा सूर्यास्त, तुमच्या नातवाचे गाल, सगळं ह्या तिघांच्या मिसळीतून. तिघं सारखे जोरात आले की पांढरं दिसतं. त्यातला एक रुसला की उरलेले दोघं घर चालवतात. हिरवा रुसला की सगळं राणी. निळा रुसला की सगळं पिवळं. लाल रुसला की फिरोजी. आपण फक्त ओळखायचं, कोण रुसलंय आणि कशावरून. बहुतेक वेळा मागच्या वायरीत असतं. नाहीतर कुणीतरी कुठलंतरी बटण दाबलेलं असतं, आणि ते कुणीही दाबलेलं नसतं. मी विचारते, "काय बदललं?" घरातली सगळी एका सुरात म्हणतात, "काहीच नाही." हे उत्तर मी इतक्या घरांत ऐकलंय की आता मी चहा येईपर्यंत तो प्रश्न विचारतच नाही.

आमच्याच सोसायटीत एक साहेब आहेत, सरकारी खात्यातून मोठ्या जागेवरून रिटायर झालेले. त्यांच्या मिसेसने मला बोलावलं. म्हणाल्या, "ह्यांच्या कॉम्प्युटरमधले रंगच गेलेत." बघितलं तर सगळं काळंपांढरं. कीबोर्डवरची काही बटणं एकदम दाबली गेली की तसं होतं, परत दाबली की येतं. मी साहेबांना विचारलं, "कधीपासून?"

"आजच बहुतेक," साहेब म्हणाले.

"आजच कसं?" मिसेस म्हणाल्या. "गणपतीत नातीचे फोटो बघताना तुम्हीच म्हणालात, हल्ली मुलींना काळे कपडे का घालतात."

खरी गोष्ट अशी, की साहेब दिवसभर जुने सिनेमेच बघायचे. रंग कधी गेले ते त्यांच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं! मी रंग परत आणले तर जरा नाराजच झाले. म्हणाले, "फार भडक वाटतंय हो."

आणि ते प्लास्टिकवालं कुटुंब! नवीन स्क्रीनवरचं पातळ प्लास्टिक काढलंच नव्हतं. कडेने हवा शिरून त्यावर मोराच्या पिसासारखे रंग नाचत होते. मी ते सोलायला नख लावलं तर घरातली बाई धावत आली, "अहो काकू, खराब होईल ना!" त्यांच्या सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक. मी म्हटलं, "ताई, मग खरी स्क्रीन बघायची कधी?" शेवटी काढलं. पण मी निघताना ती बाई ते प्लास्टिक घडी करून कपाटात ठेवताना दिसली.

हल्ली अशी कामं कमी झालीत. वायरी गेल्या, यंत्रं स्वतःच स्वतःला नीट करतात, आणि बिघडलं तर लोक मागे हात घालून बघत नाहीत, सरळ नवीन मागवतात. वाईट वाटतं. वस्तू वाया जाते म्हणून वाटतंच, पण त्या निमित्ताने चार घरांत चहा व्हायचा, तोही गेला.

असो. मिळाली रिक्षा.

वनिताच्या ओटीवर हिराबाई सुकट निवडत बसल्या होत्या. हिराबाई म्हणजे वनिताची सासू आणि माझी मासळीवाली. नेरूळच्या बाजारात मी त्यांच्याकडूनच मासळी घेते, त्यामुळे आमचं बोलणं भांडल्याशिवाय सुरू होत नाही.

"आल्या डाक्टरीनबाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बगा, तुमची पेशंट हाय आत. आनि ह्यो बगा मेलेला."

ओटीवर बॅनर पसरलेला होता. मी आजवर बरेच रंग बघितलेत, पण असा नवरा नव्हता बघितला. चांगला देखणा मुलगा, दात पांढरेशुभ्र, आणि कातडी अमावस्येच्या समुद्रासारखी. वर सोनेरी अक्षरात 'आमच्या दादाची हळद'.

"माजा भाव काय बोलला म्हायते काय?" हिराबाई म्हणाल्या. "बोलला, हिरे, लग्न जयेशचा हाय का किसनदेवाचा? मुरली तेवरी हातान द्यायची व्हती. मना तोंड वर करायला जागा नाय ठेवली हिनी. आता बास. सोमवारी तलोजा."

"हिराबाई, तुमच्या टोपलीतला एक बोंबील खराब निघाला म्हणून मी बाजारात यायचं सोडलं का?"

"माज्या टोपलीन खराब निंगलाच नाय कवा."

"मागच्या..."

"तो तुमच्या फ्रिजान झाला असल."

मी आत गेले. वनिता खुर्चीत बसली होती, डोळे सुजलेले. टेबलावर कॉम्प्युटर, स्क्रीन आणि मशीन एकाच पेटीत असलेला, महापेच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, तिच्या नवऱ्याने जुन्या मालातून आणलेला. वस्तू मात्र भारी. मागे वायर फक्त लाइटची, म्हणजे माझं नेहमीचं औषध इथे चालणार नव्हतं.

पहिलं काम, माझा रुमाल काढला. हा रुमाल म्हणजे माझं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार. ह्यांचा जुना सुती, पांढरा, आणि ह्याला मी कधी नीळ देत नाही. नीळ दिलेला पांढरा म्हणजे पावडर लावलेली बाई, खरा रंग कळत नाही. वनिताला कोरं पान उघडायला सांगितलं, खिडकी उघडली, आणि रुमाल स्क्रीनच्या शेजारी धरला. स्क्रीन साजूक तुपाच्या रंगाची होती.

"हे तुला पांढरं दिसतं?"

"पांढरंच आहे ना काकू?"

मग तिने रुमाल बघितला आणि खुर्ची मागे सरकवून परत बघितला. डोळ्याचं असंच असतं. रोज थोडं थोडं पिवळं दाखवलं की तो त्यालाच पांढरं म्हणायला लागतो. घरात बसणाऱ्याला कळत नाही, बाहेरून आलेल्याला दिसतं.

"जयेशचा मूळ फोटो कसा होता?"

"पिवळा वाटत होता. कावीळ झाल्यासारखा. म्हणून मी त्यात जरा निळा टाकला."

"जरा?"

"बरा दिसेपर्यंत टाकला, काकू."

म्हणजे दोष कळला. स्क्रीन खोटं पिवळं दाखवत होती, ही बिचारी त्याच्यावर खरा निळा ओतत होती. छापणाऱ्याच्या मशीनला हिच्या स्क्रीनचं खोटं कुठून कळणार? त्याने निळा छापला. मी फाइल माझ्या फोनवर मागवली, तिथेही जयेश निळाच. "तू फोनवर बघितलं नाहीस पाठवताना?" विचारलं, तर तिने आपला फोन पुढे केला. काचेवर इतक्या चिरा, की त्यात माणूस आहे की पापलेट ते सांगणं कठीण.

दोष कळला, पण कारण नव्हतं कळलं. संध्याकाळी स्क्रीन पिवळी करायची एक सोय असते, ती बघितली, बंद होती. बाकीच्या सेटिंगा बघितल्या, जागच्या जागी. तेवढ्यात बाहेर आवाज झाला आणि खुद्द नवरा आत आला. अंगात घरातला टीशर्ट, तोंडावर राग.

"वहिनी, काय झाला काय? बाबा मंडपान बोंबलतायत. अख्ख्या गावाच्या ग्रुपवर माझा फोटो फिरतोय, खाली लिहिलंय, अवतार."

मी म्हटलं, "बरं झालं आलास. असा इकडे ये. बस. तोंड स्क्रीनच्या बाजूला धर."

"काकू, माझी हळद आहे उद्या."

"म्हणूनच. आधी रंग जुळवू दे."

बसला बिचारा. मी एका बाजूला त्याचा फोटो लावला, एका बाजूला तो. मधे रुमाल. वनिताला हसू यायला लागलं होतं, ते तिने ओढणीत दाबलं. जयेश म्हणाला, "काकू, काळा दाखवा, चालेल. मी हायच काळा. पण निळा नको."

"हलू नकोस."

स्क्रीनवर खिडकीचा उजेड चमकत होता, म्हणून मी वरच्या काठावर हाताचा आडोसा धरला. आणि एक गंमत झाली. स्क्रीन हळूच मंद झाली. हात काढला, उजळली. परत धरला, परत मंद. म्हणजे ह्याला वर कुठेतरी डोळा होता! हल्लीच्या काही चांगल्या स्क्रीनमध्ये तो असतो. कॅमेऱ्याशेजारी तांदळाएवढा. खोलीत उजेड कसा आहे ते तो बघतो. पिवळा दिवा लावून बसलात तर स्क्रीनही थोडी पिवळट करतो, आपल्या डोळ्याला बरं वाटावं म्हणून. म्हटलं ना, साडी घेऊन दारात जायचं. हे यंत्र तेच करत असतं, पण आपल्याला न विचारता.

मी चष्मा लावला आणि वर बघितलं. आणि मला कळलं.

स्क्रीनच्या वरच्या काठावर, बरोबर मध्यभागी, माणसाला कपाळ असतं तिथे, ठसठशीत हळदीकुंकू लावलेलं होतं. ओलं करून, बोटाने, भरघोस. पार वाळून चिकटलेलं. कॅमेरा झाकला होता, आणि शेजारचा तो डोळाही. वनिता कॅमेरा वापरतच नव्हती, तिला कशाला कळतंय? आणि डोळ्याला बापड्याला वाटत होतं, ह्या घरात कायम हळदीचा उजेड आहे.

"हे कोणी लावलं गं?"

वनिता एकदम उठली आणि तिने खोलीचं दार लोटलं. "काकू, हळू बोला. आईंनी. दसऱ्याला."

दसऱ्याला सगळ्या घरांत होतं तसंच झालं होतं. हिराबाईंनी कोयती पुजली, तराजू पुजला, जाळं पुजलं, मुलाची मोटारसायकल पुजली. मग कोणी न सांगता आत आल्या, कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या, हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि बाहेर गेल्या. बोलल्या काहीच नाहीत.

"लग्न होऊन आल्यापासून ह्याला काम म्हणाल्या नाहीत कधी," वनिता म्हणाली. "पण हत्यारांच्या ओळीत माझ्या मशीनला कुंकू लावलं त्यांनी. मी रोज धूळ पुसते तेव्हा त्याच्या कडेकडेने पुसते, काकू. तुम्ही ते काढू नका. आणि त्यांना सांगू नका ना प्लीज. त्यांच्यामुळे झालं असं कळलं तर त्या परत कधी..."

ह्या धंद्यात मी वायरी दाबल्यात, बटणं शोधलीत, पण असा बिघाड मला पहिल्यांदाच भेटला, जो बिघडवणाऱ्याने प्रेमाने केला होता आणि ज्याचा बिघडला त्याने जपून ठेवला होता.

सुदैवाने कुंकवाला हात लावायची गरज नव्हती. त्या डोळ्याचं ऐकायचं की नाही, ह्याची एक सोय आत सेटिंगमध्ये असते. मी ती शोधून बंद केली. बघता बघता स्क्रीनवरचं तूप विरघळलं आणि रुमालासारखा पांढरा आला. आणि फोटोतला जयेश जो निळा झाला म्हणता!

"अगं बाई," वनिताच्या तोंडून निघालं. "हा तर खरंच निळा आहे!"

"मग मी काय सांगत व्हतो?" जयेश म्हणाला.

वनिता कामाला बसली. निळा उतरवत आणला, थोडा लाल दिला, जयेशचा खरा गाल बघून बघून फोटोतला गाल केला. तो दर मिनिटाला "जरा उजळ चालेल हं वहिनी" म्हणत होता, ती ऐकत नव्हती. हात असा चालत होता मुलीचा, मी बघत राहिले. फाइल माझ्या फोनवर मागवली. जयेश गव्हाळ, जरासा सावळाच, पण माणसाच्या रंगाचा.

तेवढ्यात दार ढकलून हिराबाई चहा घेऊन आल्या. "काय झालता?"

"वायर सैल होती," मी म्हटलं.

हिराबाईंनी टेबलाच्या मागे वाकून बघितलं. बाजारात भाव करताना मी सांगते ती खोटी ऐपत रोज ओळखणारी बाई ती. "ह्याला वायर हाय कुठं?"

मी चहाकडे बघितलं. वनिताने माझ्याकडे बघितलं. आणि तो नवरदेव, ज्याला उद्या-परवा संसार करायचा होता, त्याने तोंड उघडलं. "आत्ये, तू त्याच्या डोल्यान कुकू भरलंस दसऱ्याला. म्हून मी निला झालो."

वनिताने त्याच्याकडे असं बघितलं, की ते बघणं आणखी टिकलं असतं तर तो खरंच निळा झाला असता. हिराबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. त्या कुंकवाकडे बघितलं, मग पडद्यावरच्या भाच्याकडे, मग सुनेच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

"डोला हितं अस्तो?"

"हो, आई. पण तुम्हाला कसं माहीत असणार? आता नीट झालंय, काकूंनी बंद केलंय ते, राहू द्या," वनिता घाईघाईने म्हणाली. "ते तसंच राहू द्या."

"का ऱ्हाव दे? डोल्यान कुकू गेला त मानूस पन आंधला व्हतो." हिराबाईंनी पदराचं टोक चहाच्या वाफेवर धरलं, जरा ओलं झाल्यावर ते कुंकू पुसलं. हळू, लहान पोराचं नाक पुसतात तसं. मग देवाजवळून करंडा आणला आणि स्क्रीनच्या खाली, पायाला, नवीन बोट लावलं. "देव काय कपालावरच बसतो? पायाकडं पन बसतो."

मग फोन उचलला आणि भावाला लावला. आम्ही तिघं तिथेच उभे.

"दामू, मी बोलतंय. बॅनर संध्याकालच्या आत लागल. हां. चूक झालती, पन ती माज्या हातची झालती. सुनेची नाय. तिला कोन काय बोलला त मी हलदीला यायची नाय, सांगून ठेव तुज्या बायकोला." आणि फोन ठेवला. जयेशला म्हणाल्या, "तू कशाला थांबलास? जा, तोंड धू. निला नाय हायेस."

बॅनर लागला. मोऱ्याची पाहुणेमंडळी यायच्या तासभर आधी लागला. मी हळदीला गेले होते, मला कोंबडीवडे वाढताना जयेशच्या बापाने विचारलं, "बाय, जरा गोरा करता आला नसता?" मी म्हटलं, "तुमच्याकडे बघून केला." तो जोरात हसला, पण परत वाढायला आला नाही.

सोमवार यायच्या आत मला परत सारसोळ्याहून फोन आला. वनिताचाच. "काकू, याल का? कॉम्प्युटर ठीक आहे. पण एक गिऱ्हाईक आलंय, मला सोसवत नाही."

गेले, तर गिऱ्हाईक म्हणजे हिराबाई. बाजारातल्या आपल्या जागेवर लावायला त्यांना बोर्ड पाहिजे होता. सुनेच्या खुर्चीमागे उभ्या, हातात ताट, ताटात पापलेट, ते स्क्रीनच्या शेजारी धरलेलं.

"हा बग. हा कसा चमकतो? तुजा कसा दिसतो? दोन दिसांचा शिला. आनि बोंबील जरा पांडरा कर, पिवला दिसला त कोन घेल? सुरमईचा डोला लाल नको, मेलेली वाटते."

"आई, ती मेलेलीच आहे."

"बोर्डावर जिती दिसली पायजे."

मी एका कोपऱ्यात बसले. मला तिथे करण्यासारखं काही नव्हतं, पण असा कार्यक्रम फुकट कुठे बघायला मिळतो? वनिता माशाची चांदी वाढवत होती, हिराबाई तिच्या डोक्यावरून वाकून "अजून, अजून" करत होत्या, ताटातलं पाणी कीबोर्डवर सांडू नये म्हणून वनिता एका हाताने ताट मागे सारत होती. दोघींचं असं भांडण चाललेलं, की मला माझी आणि हिराबाईंची बाजारातली भांडणं फिकी वाटली.

मधेच टेबलावरचा वनिताचा फुटका फोन वाजला. तिचे दोन्ही हात कामात, म्हणून हिराबाईंनी उचलला. तळोजाचा सुपरवायझर होता. सोमवारी येताना आधार कार्ड आणायला सांगायचं होतं त्याला.

हिराबाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला, त्यांना काच टोचत असावी. नजर स्क्रीनवरच्या पापलेटावर.

"कोन, वनिता? ती नाय यायची," म्हणाल्या. "नाय, बोलायला पन नाय यायची आता. ती कामावर हाय."